पावसाळ्यात दिवस भरत असतील तर: पूर, ऊन आणि बंद रस्त्यात गरोदर बाईची तयारी कशी करायची

जुलै-ऑगस्टात भामरागडजवळ पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की गावांचा संपर्क तुटतो, आणि मग कुठूनतरी बातमी येते की गरोदर बाईला खाटेवर टाकून चौघांनी नाला पार केला, नाहीतर जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून नेलं. खाली सगळे लिहितात, बाई लय हिमतीची. हिमतीची आहेच, त्यात वाद नाही. पण मला दरवेळी एकच विचारावंसं वाटतं, तिचा नववा महिना जुलैत येणार हे घरात हिवाळ्यातच कळलं होतं ना, मग जूनमध्येच तिला नाल्याच्या अलीकडे का नाही आणलं? संकटात बाई टिकते ती घरच्यांनी आणि गावानं आधी काय ठरवून ठेवलं त्यावर. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, यवतमाळ, मेळघाट, सगळीकडच्या घरांसाठी. बाईनं वाचावंच, पण नवरा, सासू, दीर, जाऊ यांनी आधी वाचावं.

सगळ्यात आधी तारीख काढा

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्या, त्यात ७ दिवस मिळवा आणि ९ महिने पुढे जा. म्हणजे पाळी १४ ऑक्टोबरला आली असेल तर अंदाजे तारीख २१ जुलै. पुष्कळ बायांना तारीख आठवत नाही, मग सण विचारा, पोळ्याच्या आधी की नंतर, दसऱ्याला पाळी होती का, दिवाळीत डोक्यावरून पाणी घेतलं होतं का, असं विचारलं की आठवडा तरी पक्का होतो. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली असेल तर तिची तारीख जास्त भरवशाची. पण नेमक्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या बाया थोड्याच असतात, ३७ आठवडे झाले की कधीही कळा सुरू होऊ शकतात, म्हणून तारखेतून तीन आठवडे मागे या. २१ जुलै असेल तर ३० जून. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करायचा तो ३० जूनला, २१ जुलैला नाही. ही झाली हलवायची तारीख.

तुमच्या गावाचा रस्ता कधी बंद पडतो हे तुम्हाला कोणी सांगायची गरज नाही, कोणता रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल) पहिल्याच मोठ्या पावसात बुडतो ते शेंबड्या पोराला पण माहीत असतं. हलवायची तारीख आणि रपटा बुडायचे दिवस एकावर एक येत असतील तर विचार करत बसू नका, बाईला आधी हलवायचं. वैनगंगेकाठच्या लोकांनी एक जास्तीची गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी जो पूर आला त्यात आपल्याकडच्या पावसाइतकाच वरचा, मध्य प्रदेशातला पाऊस आणि धरणातून सोडलेलं पाणी कारणीभूत होतं. तुमच्या गावात ऊन पडलेलं असताना पण गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की खाली पाणी चढतं. सिरोंच्याकडे २०२२ च्या जुलैत गोदावरी फुगली तेव्हा पण आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून काही कळलं नसतं.

कुठे हलवायचं, आणि मागे घराचं काय

इथेच सगळं अडतं. बाई म्हणते मी गेले तर मोठ्या पोराला कोण पाहील, रोवणी तोंडावर आहे, बकऱ्या आहेत. सासू म्हणते आमची बाळंतपणं याच घरात झाली. हे काही हट्टाचं बोलणं नाही, खरंच प्रश्न आहेत, आणि ते आठव्या महिन्यातच बसून सोडवायचे. पोरगा कोणाकडे राहील, बाईसोबत कोण जाईल, रोवणीला तिच्या जागी कोण, एकेकाचं नाव घेऊन ठरवा.

जागेचे तीन मार्ग. दवाखान्याच्या गावात माहेर किंवा नातेवाईक असेल तर उत्तम, पण त्या घरापासून दवाखान्यापर्यंत मध्ये दुसरा नाला नाही ना ते पाहा. दुसरं म्हणजे माहेरघर. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ही सोय आहे, बाईला सोबतच्या माणसासह आधी येऊन राहता येतं, जेवणाची सोय असते. तुमच्या केंद्रात आहे का, आत्ता चालू आहे का, किती दिवस आधी घेतात हे आशाताईला आत्ताच विचारा आणि पावसाळा आहे, रस्ता तुटतो, हे कारण स्पष्ट सांगून जास्त दिवसांची गोष्ट करून ठेवा. तिसरं, ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टरनंच आधी भरती करून घेणं.

काही बायांना मात्र जवळचं केंद्र पुरत नाही, ऑपरेशन आणि रक्ताची सोय असलेला दवाखानाच लागतो. आधी सिझर झालेलं, जुळं, बाळ आडवं किंवा पायाळू, बीपी १४०/९० किंवा वर, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) एसएस, मागच्या खेपेला खूप रक्त गेलेलं, यातलं एक जरी असलं तरी तिला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीच न्या आणि आणखी लवकर न्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरकडून तपासणी होते, तिथे थेट विचारायचं, "डॉक्टर, आमचा रस्ता पावसाळ्यात बंद होतो, हिला कुठे आणि कधी आणू?" हा प्रश्न आपण विचारत नाही म्हणून उत्तर मिळत नाही.

पैशाचं म्हणाल तर सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, घेऊन जायची आणि घरी सोडायची गाडी हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. आदिवासी भागात बुडीत मजुरीची पण तरतूद आहे, आशाताईला विचारून फॉर्म आधीच भरा, आधार आणि बँकेचं खातं जुळलेलं नसलं की पैसे अडकतात.

शरीराची तयारी

बाईच्या अंगात रक्त असेल तर बाळंतपणात थोडं जास्त गेलं तरी ती तग धरते, आणि हिमोग्लोबिन आधीच ७-८ पर्यंत उतरलेलं असेल तर बंद रस्त्याच्या रात्री तेच जिवावर येतं. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. रात्री जेवणानंतर लिंबू-पाण्यासोबत घ्या, चहासोबत नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून बाया गोळ्या डब्यात टाकून देतात. काळं होणं नेहमीचं आहे, त्यानं काही बिघडत नाही, मळमळ होत असेल तर नर्सबाईला सांगा, पण बंद करू नका. सोबत अंबाडी, चवळी, शेवग्याची भाजी, डाळी, फुटाणे-गूळ, आणि खात असाल तर अंडं-मासोळी. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत अंगणवाडीत गरम जेवण मिळतं, तिथे जाऊन जेवायचं, डब्यात घरी आणलं की ते सगळ्या घरात वाटलं जातं.

सिकलसेलची तपासणी झाली का? आपल्या विदर्भात हा आजार बऱ्याच समाजांत आहे. एएस म्हणजे वाहक, तिला सहसा त्रास नसतो, पण नवऱ्याची तपासणी करून घ्यावी. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार, तसं असेल तर पावसात भिजणं, पाणी कमी पिणं, ताप, दमणूक यातल्या कशानंही हाडं-सांधे ठणकायचा झटका येऊ शकतो. अशा बाईला पूर येईपर्यंत घरी ठेवूच नका, आणि तिच्या आधीच्या गोळ्यांपैकी कोणत्या गरोदरपणात चालतात हे डॉक्टरलाच विचारा.

तिसरी गोष्ट मलेरिया. गरोदरपणात तो जास्त जोरात येतो, रक्त कमी करतो, बाळ कमी वजनाचं होतं. मेडिकेटेड मच्छरदाणी रोज, पोटुशी बाई आतच झोपली पाहिजे, धान झाकायला ती वापरू नका. ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडून रक्त तपासून घ्या. घरातल्या दुसऱ्याच्या उरलेल्या मलेरियाच्या गोळ्या देऊ नका, प्रायमाक्विन गरोदर बाईला चालत नाही.

थैली भरून ठेवा

सातव्या महिन्यापासून एक थैली दाराजवळ खुंटीला. जमिनीवर नको, पाणी घरात शिरलं की पहिली तीच भिजते. आत जाड पन्नी, खताचं रिकामं पोतं चालणार नाही, त्यात खत चिकटलेलं असतं. पन्नीत माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स, सोनोग्राफीचा आणि रक्ताचा रिपोर्ट. यांचे मोबाईलवर फोटो काढा आणि ते नवऱ्याच्या फोनसोबत भावाच्या, आशाताईच्या फोनवर पण पाठवा. मग औषधं पंधरा दिवसांची, ओआरएसची चार-पाच पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या, टॉर्च, पॉवर बँक, काडेपेटी पन्नीत गुंडाळून. धुऊन उन्हात कडक वाळवलेले सुती कपडे भरपूर, बाळासाठी टोपडं आणि दुपटं, बाईसाठी दोन सैल गाऊन, पॅड. आणि वेगळ्या छोट्या पन्नीत बाळंतपणाचं सामान: साबण, न उघडलेलं नवं ब्लेड, उकळून वाळवलेला जाड दोरा, स्वच्छ प्लास्टिकची चादर, हातमोजे. हे वापरायची वेळ येऊ नये म्हणूनच सगळी खटपट, पण आलीच तर घरात शोधाशोध नको. मुरमुरे, शेंगदाणे, गूळ आणि थोडे सुटे पैसे पण टाका.

गावानं काय करायचं

दर वर्षी मे महिन्यात आशाताई, अंगणवाडीताई, सरपंच, पोलीस पाटील यांनी एकदा बसून यादी करावी, जून ते सप्टेंबर कोणाकोणाचे दिवस भरतात, कोण जोखमीची, कोणाला कधी हलवायचं. टोल्यावरची, पोडावरची, तांड्यावरची घरं सुटतात, आधी त्यांची नावं लिहा. कामाला दुसऱ्या गावाहून आलेल्या, वीटभट्टीवर राहिलेल्या बाया तर कोणाच्याच यादीत नसतात. ही यादी ग्रामपंचायतीत लावायची नाही, बाईची खाजगी गोष्ट आहे ती, चार जबाबदार माणसांकडे असली की पुरे.

नंबर फोनमध्ये सेव्ह करून शिवाय कागदावर लिहून ठेवा. १०८ अँब्युलन्स, १०२ गरोदर बाया आणि बाळांची गाडी, ११२ पोलीस, १०७७ जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष. बोट किंवा बचाव पथक लागलं तर १०७७ वर कळवायचं, राज्याच्या आपत्ती बचाव दलाची (एसडीआरएफ) एक तुकडी नागपूरलाच असते. फोन केल्यावर घाबरून नुसतं "लवकर या" म्हणू नका. गाव, टोला, जवळची खूण, कोणता रस्ता बंद, कोणता चालू, किती महिने, कळा किती वेळानं येतात, रक्त जातंय का, हे एका दमात सांगा. आणि रेंज कोणत्या टेकडीवर, कोणाच्या वावरात मिळते ते सगळ्यांना माहीत असू द्या.

इशारा आला, आता काय

हवामान खात्याचा नारंगी किंवा लाल इशारा असेल, नाहीतर धरणातून विसर्गाची दवंडी आली, की आठव्या-नवव्या महिन्यातली बाई त्याच दिवशी उजेडात हलवा. "पाहू, उद्या सकाळी पाऊस कमी होईल" यातच रात्र होते. वीज कडकत असेल तर वावरात, झाडाखाली थांबू नका, दामिनी ॲपवर जवळपास वीज पडायचा इशारा मिळतो.

वाहत्या पाण्यातून बाईला चालवत नेऊ नका. घोट्याच्या वर जोरात वाहणारं पाणी चांगल्या धडधाकट माणसाला पण पाडतं, आणि पोट पुढे आलं की तोल तसाही बदललेला असतो. रपट्यावरून पाणी जात असताना मोटरसायकल, बंडी, ट्रॅक्टर काहीच घालू नका, खालचा रस्ता वाहून गेलाय का ते वरून दिसत नाही.

पाणी नसलेल्या पण गाडी न जाणाऱ्या वाटेनं खाटेवर न्यायचं असेल तर नीट न्या. खाटेची दोरी ताणून पाहा, मधोमध सैल असेल तर खाली फळी किंवा दोन बांबू बांधा. वर गोधडी, बाईला डाव्या कुशीवर झोपवा, पाठीमागे गुंडाळलेलं ब्लँकेट. उताणी झोपवू नका, मोठं झालेलं पोट आतल्या मोठ्या शिरेवर दाबतं, बीपी उतरतो, चक्कर येते, बाळाला पण रक्त कमी जातं. चार जण उचलायला, चार बदलीला, एक पुढे काठीनं वाट पाहणारा, आणि एक बाई तिच्या तोंडाशी, बोलत राहणारी. वरून ताडपत्री धरा पण तोंड झाकू नका.

कोणत्याही वेळी, कोणत्याही महिन्यात या खुणा दिसल्या तर थांबायचं नाही, लगेच फोन: अंगावरून रक्त जाणं, डोकं खूप दुखणं आणि डोळ्यापुढे अंधारी, तोंड-हातावर सूज, झटके, कळांआधी पाणी जाणं, जोराचा ताप, धाप, पोट दगडासारखं होऊन दुखत राहणं, बाळाची हालचाल कमी होणं. हालचालीसाठी जेवून डाव्या कुशीवर पडा आणि मोजा, सातव्या महिन्यानंतर दोन तासांत दहा तरी जाणवायला पाहिजे.

अडकलात आणि कळा सुरू झाल्या

आधी १०८, रस्ता बंद असला तरी. नर्सबाईला फोन लावून स्पीकरवर ठेवा. गावातल्या कोणी "कळा वाढवायचं इंजेक्शन" द्यायला आला तर दारातूनच परत पाठवा, त्यानं गर्भाशयाची पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. पोट दाबू नका, आत हात घालू नका. बाईला बसावंसं वाटेल, फिरावंसं वाटेल, तसं करू द्या, पाणी-पेज देत राहा, लघवीला नेत राहा.

जो हात लावणार त्यानं कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे, नखं कापलेली. खाली स्वच्छ चादर. बाळ आलं की ओढायचं नाही, हातावर झेलायचं. लगेच कोरड्या कपड्यानं पुसा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून दोघांना पांघरूण, बाळाला टोपडं. रडलं नाही तर तोंड पुसून पाठ जोरात चोळा, उलटं टांगायचं नाही, थापडा मारायच्या नाहीत. नाळेची धडधड थांबेपर्यंत थांबा. मदत लवकर पोचणार असेल किंवा ब्लेड स्वच्छ नसेल तर नाळ कापूच नका, वार पडली तर ती बाळाजवळच कापडात गुंडाळून ठेवा. कापायचीच असेल तर उकळलेल्या दोऱ्यानं दोन ठिकाणी घट्ट बांधून मधून नव्या ब्लेडनं. वर हळद, राख, तेल, शेण काहीही लावायचं नाही. तासाभरात छातीला लावा, चीक काढून फेकू नका, त्याच्यासारखं बाळाला दुसरं औषध नाही आणि दूध ओढलं की पिशवी पण आवळते. मध, घुटी, साखरपाणी नको. आंघोळ दुसऱ्या दिवशी पण नाही केली तरी चालते.

वार साधारण अर्ध्या तासात आपोआप पडते. नाळ धरून ओढायची नाही, तेवढ्यानं रक्ताचा लोंढा सुटतो. वार पडल्यावर बेंबीच्या खाली पिशवी कडक गोळ्यासारखी लागली पाहिजे, मऊ लागली तर हातानं गोल चोळत राहा. कपडा भिजून पाच-दहा मिनिटांत दुसरा भिजला, बाई पांढरी पडली, गार घाम आला, किंवा अर्ध्या तासात वार पडली नाही, तर हे जीवघेणं आहे, पुन्हा १०८ आणि १०७७ वर नेमकं हेच शब्द सांगा, पाय उंच करा, गरम ठेवा, पिशवी चोळत राहा.

शाळेत, समाजभवनात आसरा घेतला असेल तर

गरोदर आणि ओल्या बाळंतिणीला कोपऱ्यातली, दाराजवळ नसलेली, कोरडी जागा, खाली बाक किंवा खाट. साडीचा आडोसा. रात्री संडासला एकटी जाऊ देऊ नका, टॉर्च आणि सोबत पाहिजेच. संडास दूर आहे म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग लघवीची जळजळ, ताप, आणि त्यातून वेळेआधी कळा. पाणी खळखळ उकळून, नाहीतर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे क्लोरीनची गोळी टाकून अर्ध्या तासानंतर प्या. हगवण लागली तर एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

पुरात साप कोरड्या जागी येतात, मण्यार तर रात्री अंथरुणात शिरते आणि चावलेलं कळत पण नाही. जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचा. चावला तर बांधणं, कापणं, मांत्रिक काहीच नाही, हलू न देता सरळ दवाखाना, विषावरची लस गरोदर बाईलाही देतात.

उन्हाळा पण संकटच आहे

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो आणि नेमका तोच तेंदूपत्त्याचा हंगाम. पुड्याचे पैसे घरात लागतात हे खरं, पण सातव्या महिन्यानंतर बाईनं जंगलात जायचं नाही, घरी बसून पुडे बांधले तरी मजुरी होते. आधीच्या महिन्यांत जायचंच असेल तर पहाटे जाऊन ११ च्या आत परत, सोबत पाणी, डोक्यावर ओला दुपट्टा. कडक उन्हात वेळेआधी बाळंत व्हायचा धोका वाढतो. लघवी पिवळीधमक झाली म्हणजे पाणी कमी पडतंय. आंबील, ताक, पन्हं घ्या, थोडं मीठ टाकून. अंग तापलं, असंबद्ध बोलायला लागली, घाम थांबला, तर सावलीत आणा, ओल्या कपड्यानं पुसा, वारा घाला आणि १०८.

मनाचं

पऱ्हाटी, सोयाबीन वाहून गेलं, कर्ज डोक्यावर, घरात नवरा गप्प किंवा दारूवर, आणि पोटात बाळ. अशा घरातली बाई झोपत नाही, जेवत नाही, रडते किंवा रडतही नाही. "पोटातल्या बाळासाठी तरी हस" असं तिला सांगू नका, तिच्या हातातलं काम कमी करा आणि ऐकून घ्या. १४४१६ वर टेलिमानसला (मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) फोन करता येतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. जगावंसं वाटत नाही असं ती बोलली तर तिला एकटं सोडायचं नाही, घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसरीकडे कुलपात, आणि दवाखान्यात घेऊन जायचं. मार होत असेल तर १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२.

बाळंतपण झालं म्हणजे सुटलो असं नाही, पुढचे ४२ दिवस तेवढेच जपायचे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, घरी बाळंत झाली असेल तर पहिल्या दिवशी पण. घरी जाऊन बाळ सांभाळायची ही पद्धत आधी गडचिरोलीतच 'सर्च' संस्थेनं उभी केली, नंतर देशभर गेली. पुरामुळं तुम्ही दुसऱ्या गावी असाल तर तिथल्या आशाताईला आपणहून कळवा, नाहीतर या भेटी बुडतात. बाळ दूध ओढत नसेल, गार पडलं, छाती आत ओढत श्वास घेत असेल, किंवा आईला ताप, घाण वास, पुन्हा रक्त असेल, तर पाणी ओसरायची वाट न पाहता फोन करायचा. आणि कार्ड भिजून खराब झालं असेल तर त्याच आठवड्यात उपकेंद्रातून नवं करून घ्या, आधीच्या फोटोवरून नोंदी उतरवून देतात, बाळाच्या लसी आणि पैसे दोन्ही त्यावरच पुढे चालतात.